एकशे एकतीस किलो, बारदान वजा

"लाभ," असं तोलार ओरडला आणि गादीवर बसलेले सगळे हसले.

हळदीच्या बाजारात पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग दोन, मग तीन. त्या दिवशीचं पहिलं पोतं मी होते.

सांगलीची गोष्ट. नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी एका खाजगी दवाखान्यात आया होते. पेशंटला उठवायचं, बसवायचं, भांडं द्यायचं, फरशी पुसायची. आमचे डॉक्टर परदेशात शिकून आले होते. ते म्हणाले, मावशी, तुझ्या वजनावर एक ऑपरेशन आहे, मी फुकट करतो. त्याआधी वजन नेमकं कळायला पाहिजे. दवाखान्यातला काटा एकशे वीसला संपायचा. मी चढले की तो टोकाला जाऊन नुसता थरथरायचा. मग डॉक्टर कंपाउंडरला म्हणाले, "दादाच्या दुकानात ने हिला. पोत्याच्या काट्यावर बरोबर कळेल."

दादा म्हणजे त्यांचे सख्खे मोठे भाऊ. मार्केट यार्डात हळदीची अडत. सगळे त्यांना शेठ म्हणायचे.

लोखंडी फळीवर चढले. पायाखाली हळदीची पिवळी धूळ. तोलारानं वजनं सरकवली. "एकशे तेहतीस." शेठ गादीवरून म्हणाले, "बारदान वजा कर रं. दोन किलो लुगड्याचं." बारदान म्हणजे रिकामं पोतं, त्याचं वजन मालातून वजा करतात. तोलार म्हणाला, "एकशे एकतीस." एक हमाल म्हणाला, "शेठ, ह्याला हूक लावाय लागंल." शेठ म्हणाले, "सवलतीचा माल हाय. फुगणारच."

मग तोलारानं सवयीनं ब्रश शाईत बुडवला आणि माझ्या पदरावर आकडा काढला. पोत्यावर काढतात तसा. १३१.

मी काय केलं सांगू? मी हसले. सगळे हसत होते म्हणून मीपण हसले. घरी येऊन पदर धुतला, शाई जाईना. त्या शाईपेक्षा माझं हसू मला जास्त टोचलं. पण तेव्हा एवढंच कळलं. पुढचं कळायला वर्ष गेलं.

एक सांगते. आमच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मी पाळण्यात होते. पलूसकडचं आमचं गाव. माझी आई, चुलत्या, आत्या, सगळ्या काडीसारख्या. आमच्यातल्या जाड बाईचं लोकांना कौतुक नसतं, संशय असतो. हिला एवढं मिळतं कुठून? मुलगी झाली त्या बाळंतपणानंतर माझं अंग सुटलं ते सुटलंच. दोन भाकरी खाणारी बाई मी. कुणाला पटायचं नाही. नवरा वारला, मुलगी सासरी गेली, गुडघे गेले. झोपेत श्वास अडकून दचकून उठायची. मरायची भीती वाटायची म्हणून ऑपरेशनला हो म्हटलं. धीट होते म्हणून नाही.

ऑपरेशन म्हणजे छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत पोट उघडलं. आत जठराला टाके मारून वर लिंबाएवढी पिशवी ठेवली. तिच्या तोंडाशी कडी बसवली, खाल्लेलं हळूहळू खाली उतरावं म्हणून. ती कडी आयुष्यभर आत राहणार. त्याआधी तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी माझे फोटो काढले. नुसत्या परकरावर. म्हणाले, "आमच्या रेकॉर्डला लागतात." मी मान खाली घातली.

पहिले तीन महिने चमच्यानं पेज. चौथा चमचा जास्त झाला की उलटी. केस मुठीनं गळाले. वजन मात्र उतरलं. पोती उतरावी तसं उतरलं. कातडी मागं राहिली, रिकाम्या पिशवीसारखी लोंबत.

नवव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, "साताऱ्यात आम्हा डॉक्टरांच्या मंडळाची बायकांची शर्यत आहे. तीन किलोमीटर. तुझं नाव घातलंय. पळायला शीक."

विचारलं नाही. सांगितलं.

मी जन्मात पळाले नव्हते. लहानपणी पळायला सवड नव्हती, मोठेपणी अंग नव्हतं. दवाखान्यात स्वयंपाकाला सुबा होती, माण तालुक्यातली, धनगराची. नवरा मुंबईला. तिचं सगळं बालपण मेंढरांमागं चालण्यात गेलं होतं. तिला सांगितलं तर म्हणाली, "आक्का, म्या येते. पन पळायचं न्हाई. मेंढराच्या चालीनं जायाचं. मेंढरू पळतंय असं दिसत न्हाई, पन माणूस मागं ऱ्हातंय."

उजाडताना आम्ही आयर्विन पुलावर जायचो. बाळंतिणीचं बांधतात तसं सुबा माझं पोट जुन्या लुगड्यानं आवळून बांधायची. गाठ मारताना गुडघा पाठीला लावायची. तरी पहिल्या दिवशी दहा पावलं पळाले आणि दोन्ही हातांनी पोट धरून उभी राहिले. मला वाटायचं, आतला टाका तुटणार. प्रत्येक पावलाला वाटायचं. खाली कृष्णा, वर मी, आणि माझ्या आत एक कडी जी मी कधी बघितली नाही. ती हलली तर आवाज होईल का? कळेल का मला? हे कुणाला विचारायचं?

पुलावर दूधवाले, पेपरवाले. एकजण लुनावरून ओरडला, "ओ मावशी, बस चुकली व्हय?" सुबा चालता चालताच म्हणाली, "व्हय रं, तुझ्या आईकडंच निघालोय. काय निरोप?" तो पुन्हा कधी बोलला नाही. पण दुसरे होते. म्हस सुटली म्हणायचे. मी पदर तोंडावर घेऊन पळायची, मग दम लागायचा, मग पदर सोडायची. पदर सोडायला मला दीड महिना लागला.

सुबा पाण्याची बाटली वेगळी आणायची. माझ्या बाटलीतलं प्यायची नाही. मी बघितलं, ती बघतेय हेही बघितलं. बाई चांगली होती. पण घरून शिकवलेलं असतं ते हाताला असतं.

दोन महिन्यांनी मी पुलाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता गेले. सुबाला एवढा आनंद झाला की तिनं डिंकाचे लाडू केले. "पळणाऱ्या माणसाला ताकद नगं? खा." बाळंतिणीला देतात, पैलवानाला देतात, मला का नको? तूप सुटलेला, खोबऱ्याचा वास येणारा लाडू. वर्षभर चमच्यानं जेवलेली बाई मी. एक अख्खा खाल्ला. वर घोटभर पाणी प्यायले.

डिंक पाण्यात फुगतो. हे आम्हा दोघींना माहीत होतं. शेणात हात घालणाऱ्या, डिंक तळणाऱ्या आम्ही बाया, आम्हाला माहीत नसणार? पण माझ्या पोटाचं दार करंगळीएवढं आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तासाभरात छातीत दगड बसला. पाणी खाली जाईना. मग थुंकीसुद्धा जाईना. दिवसभर आणि दुसऱ्या दुपारपर्यंत मी वाटीत थुंकत बसले. डॉक्टरांकडे जायला भीत होते. रागावतील म्हणून. बघा, मरणाला भीत होते त्याहून साहेबाच्या रागाला जास्त. सुबा भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आक्का, म्या मारलं तुला." मग उठली, मला रिक्षात घातलं आणि दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी घशातून दुर्बिणीची नळी घातली. डिंक काढायला अर्धा तास लागला. मी जागी होते. आणि ते बोलत होते, माझ्याशी नाही, माझ्यावरून, सिस्टरशी.

"हिला आत्ता काही झालं असतं तर? वहिनी टेबलावर आल्या असत्या का? वर्षभर मी त्यांना तयार करतोय. हे त्यांच्या कानावर जाता कामा नये."

वहिनी म्हणजे शेठची बायको. हळदीच्या गादीवर बसून मला हसणाऱ्या माणसाची बायको. त्या माझ्याएवढ्याच जाड होत्या, मी दवाखान्यात बघितल्या होत्या. त्यांना गाडीतून उतरताना दोघी धरायच्या.

तोंडात नळी. उत्तर द्यायला जागा नव्हती. डोळ्यातून पाणी येत होतं, सिस्टरला वाटलं नळीमुळं.

घरी आल्यावर सुबाला विचारलं, "माझ्याआधी हे ऑपरेशन त्यांनी कुणाचं केलं असंल गं?"

ती म्हणाली, "आमी नदी उतरताना सगळी मेंढरं एकदम पाण्यात घालत न्हाई. आदी एक ढकलायचं. त्ये तरलं की मग बाकीची."

"आणि न्हाई तरलं तर?"

"तर दुसरीकडून उतरायचं."

एवढं बोलून तिनं माझा तांब्या उचलला आणि घटाघट पाणी प्यायली. मी बघितलं.

मी आठ दिवस पळाले नाही. पडून राहिले आणि विचार केला. असा विचार मी जन्मात केला नव्हता, करायला पडूनच कधी राहिले नव्हते. फुकट म्हणाले होते. फुकट नव्हतं. आधी कुणाचं पोट उघडायचं, हे ठरलेलं होतं. आपल्या घरच्या बाईचं नाही. आधी हिचं. हिला नवरा नाही, विचारणारं कुणी नाही, आणि वर ही पाया पडेल. आणि खरंच, मी पाया पडले होते. टाके काढले त्या दिवशी.

नवव्या दिवशी उठले. पोट माझं मीच बांधलं. पुलावर गेले. त्यांनी नाव घातलंय म्हणून नाही. ह्या अंगानं इतकी वर्षं लोकांना उचललं, बसवलं, पुसलं. स्वतःसाठी ह्याला काय येतं, ते मला एकदा बघायचं होतं. भीती गेली होती असं समजू नका. उलट वाढली होती. आधी टाक्याची भीती होती, आता टाका घालणाऱ्याचीही होती. पण भीत भीतसुद्धा पाय उचलतो, एवढं मला कळलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी कंपाउंडर म्हणाला, "साहेबांनी सांगितलंय, जुनं पोलकं घेऊन ये. सगळ्यात मोठं." मला वाटलं कुणाला द्यायचं असेल. पिशवीत घातलं.

पहाटे जीपनं साताऱ्याला नेलं. पुढच्या गाडीत डॉक्टर आणि वहिनी. सुबा आपल्या खर्चानं एसटीनं आली. मैदानावर मांडव, स्पीकर, पांढऱ्या बुटातल्या बायका. डोक्यावर अजिंक्यतारा. माझ्या पायात कॅनव्हासचे बूट, अंगावर मुलीचा पंजाबी ड्रेस, आतून पोट आवळलेलं.

मांडवाच्या बाजूला एक फळी उभी केली होती, पुरुषभर उंच. तिच्यावर दोन फोटो. एकात आत्ताची मी, चालताना, हसताना. दुसरा तो. तपासणीच्या खोलीतला. परकरावरचा. पोट उघडं, छातीवर हात धरलेले. डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती. ओळखू येऊ नये म्हणून.

डोळे झाकले होते. पोट नाही.

आणि मला त्याच फळीशेजारी उभं राहायचं होतं, हातात जुनं पोलकं ताणून धरून. मग त्या पट्टीचा उपयोग काय? डॉक्टर म्हणाले, "मी माइकवर वजन सांगेन, तू पोलकं वर कर. कुणी विचारलं तर म्हणायचं, काही त्रास झाला नाही. एवढंच. मग पळ."

खरंच सांगते, मी पोलकं पिशवीतून बाहेर काढलं होतं. निम्मं काढलं होतं. स्पीकरवरून कुणीतरी एक, दोन, तीन म्हणून आवाज तपासत होतं. माणसं फळीपुढं थांबून वाकून बघत होती. एका बाईनं तोंडाला रुमाल लावला. तेवढ्यात माझ्याही तोंडावर हसू यायला लागलं. तेच हसू. मार्केट यार्डातलं. ते माझ्या ओठावर आलेलं मला कळलं आणि मी घाबरले. टाका तुटण्याच्या भीतीपेक्षा ही भीती मोठी होती. वाटलं, आज हसले तर मरेपर्यंत हसत राहीन.

पोलकं पिशवीत कोंबलं. फळीला हात घातला, आडवी पाडली, फोटो खाली केले. आणि तिच्यावर बसले.

डॉक्टर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "ऊठ."

मी म्हटलं, "पळायच्या टायमाला उठीन."

"लोक बघतायत."

"म्हणूनच बसलीय."

"तुझ्यासाठी काय केलं नाही मी?"

गुडघे बरे झाले होते, श्वास अडकत नव्हता, हे खरं होतं. खरं ते खरं. मी म्हटलं, "केलंत. म्हणून वर्षभर गप हुते."

वहिनी गाडीतून उतरल्या होत्या. दोघींनी धरून त्यांना मांडवापर्यंत आणलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि माझ्यापुढे उभ्या राहिल्या. भारी साडी, कपाळावर घाम. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "लई दुखतं का गं?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. डॉक्टरांनी नुसती मान हलवली, नाही म्हण म्हणून.

ती बाई घाबरली होती. तिच्या डोळ्यात मला वर्षापूर्वीची मी दिसले. तिच्या नवऱ्यानं माझ्यातून बारदान वजा केलं होतं, तरी तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ वळेना.

मी म्हटलं, "दुखतंय. तीन महिने उलट्या हुत्या. क्यास गळत्यात. एकदा लाडू अडकला तर दीड दिवस थुकी गिळता आली न्हाई. गुडघं बरं झालं, झोप बरी झाली, त्ये पन खरं हाय. तुमी सगळं इचारून घ्या. आन हिथं पयली मी हाय, माझ्याआदी कुणी न्हाई. त्ये पन इचारा."

वहिनींनी दिराकडे बघितलं. परत फिरून गाडीत जाऊन बसल्या.

डॉक्टर वाकले. माझ्या कानाशी आले. आवाज अजून हळूच. "उद्यापासून येऊ नकोस. आणि लक्षात ठेव, तुझ्या पोटात काय केलंय ते फक्त मला माहीत आहे. सगळे कागद माझ्याकडे आहेत. उद्या काही झालं तर दुसरा कुणी हात लावणार नाही तुला."

ते खरं होतं. तो माणूस धमकी म्हणून खरं बोलला होता.

तेवढ्यात बायकांना रेघेवर बोलावलं. मी उठले. डॉक्टरांनी फळीला हात घातला. पण सुबा तिथंच होती. मी उठले तशी ती बसली. मांडी घालून, अगदी मधोमध. "साहेब, माजं पाय दुकत्यात, एस्टीत उभ्यानं आलीय," म्हणाली.

पळाले. फार काही सांगण्यासारखं नाही. चढ होता. सगळ्या पुढे गेल्या. एक हात पोटावर, एक मोकळा. प्रत्येक पावलाला कानात तेच, दुसरा कुणी हात लावणार नाही. पोवई नाक्याशी तोंडात आंबट आलं, थांबले, थुंकले, पुन्हा निघाले. घाबरूनच पळाले, पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत. शेवटून तिसरी आले. माझ्यामागं एक सत्तरीच्या बाई होत्या आणि एकीचा पाय मुरगळला होता. रेघ आली तेव्हा दोरी काढून ठेवली होती. कुणी टाळी वाजवली नाही. मला टाळी ऐकायचीही नव्हती. पोट हातानं चाचपून बघितलं. बांधलेलं होतं, जागच्या जागी.

परत येताना आम्ही दोघी एसटीनं आलो. फळीवरचा तो फोटो सुबानं नखानं खरवडून काढून आणला होता. मी त्याची घडी घातली. रडू आलं नाही. डोकं मात्र चालत होतं.

फोटो एक काढून काय होणार? त्याची फिल्म त्यांच्याकडे आहे. माझे कागद त्यांच्याकडे आहेत. पोट माझं, आणि पोटात काय आहे हे दुसऱ्याच्या कपाटात. ह्याला काय म्हणायचं?

सोमवारी मी दवाखान्यात गेले. आयाच्या पातळात नाही, पेशंटच्या दारानं. नंबर घेतला. बाकावर बसले. माझा नंबर आला तेव्हा भरल्या ओपीडीत उभी राहून म्हटलं, "कामाला आली न्हाई. माझ्या पोटात काय केलंय, कितवा टाका कुठं हाय, कडी कसली हाय, त्ये मला कळंल अशा मराठीत लिहून द्या. फोटोची फिल्म द्या. आन माझा फोटो जिथं जिथं दाखवलाय त्या गावांची नावं द्या."

ते म्हणाले, "असे कागद पेशंटला देत नसतात."

मी म्हटलं, "मग मी पेशंट न्हाई असं लिहून द्या."

त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. मी दारातून हलले नाही. शिपायानं दंडाला धरलं, मी पायरीवर आले आणि तिथं बसले. दवाखान्यात येणारा प्रत्येकजण माझ्या अंगावरून आत जात होता. कुणी विचारलं, बाई, का बसलाय, तर मी सांगत होते. सगळं. पहिल्यापासून. आवाज कापत होता, अजून सांगताना कापतो. कापू दे. दुपारी सुबानं पेज आणून दिली, मी चमच्यानं प्यायले, आणि पुढच्या माणसाला सांगायला लागले. कागद माझ्या हातात पडेपर्यंत मी रोज येणार होते, त्याच पायरीवर बसणार होते, आणि विचारणाऱ्या एकालाही खोटं सांगणार नव्हते.